गुलाबी नको, खिसे द्या!

बेसबॉलचं सगळ्यात गाजलेलं गाणं एका मुलीवर आहे, माहितीये? १९०८ साली जॅक नॉरवर्थनं लिहिलेलं 'टेक मी आउट टु द बॉल गेम'. अमेरिकेत आजही मॅच सातव्या इनिंगच्या मध्यावर आली की अख्खं स्टेडियम उभं राहून ते गातं. गातात मात्र फक्त धृपद. कडव्यांपर्यंत कुणी जात नाही, त्यामुळे कडव्यातली केटी केसी कुणाला आठवत नाही. ही केटी बेसबॉलवेडी. मित्र तिला एखादा शो बघायला नेऊ का म्हणून विचारायला येतो आणि ती त्याला सरळ सांगते, शो-बिो राहू दे, मला मॅचला घेऊन चल. सगळे खेळाडू तिला नावानिशी ठाऊक. अंपायर चुकला तर त्याला ऐकवायलाही ती कमी करत नाही.

म्हणजे बाई बेसबॉलची फॅन असणं ही काही काल-परवाची गोष्ट नाही. शंभराहून जास्त वर्षं झाली. मग एक साधा प्रश्न: आजच्या केटीनं मॅचला जाताना घालायचं काय?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या केटीचं आम्हाला काय? पण आपल्यापैकी कित्येक जणींची ताई, मैत्रीण नाहीतर मामेबहीण शिकायला किंवा नोकरीला न्यू जर्सी, बोस्टन, शिकागो, बे एरियात आहे. उन्हाळा आला की लॅबमधले, ऑफिसमधले लोक तिला हमखास मॅचला ओढून नेतात. क्रिकेटवर वाढलेली मुलगी दोन मॅचमध्ये नियम शिकते, तिसरीत आरडाओरडा करते आणि चौथीच्या आधी टीमचा कपडा घ्यायला दुकानात शिरते. गाडी अडते ती तिथे.

भिंत त्यांची, कोपरा आपला

टीमच्या कुठल्याही मोठ्या दुकानात पुरुषांची अख्खी भिंत असते. घरच्या मैदानावरची पांढरी जर्सी, बाहेरगावची राखाडी, जुन्या काळच्या डिझाइनची, सगळ्या मोठ्या खेळाडूंच्या नावांची. जॅकेट, हुडी, विंडचीटर वेगळे. बायकांचा विभाग मात्र बऱ्याचदा कोपऱ्यातले दोन-तीन रॅक. त्यावर काय? खोल गळ्याचे पातळ टी-शर्ट, चमकी लावलेला लोगो, दंडाला काचणाऱ्या टीचभर बाह्या आणि गुलाबी रंग. टीमचे रंग निळा-पांढरा असोत की काळा-नारिंगी, आपल्या वाट्याला गुलाबीच.

या प्रकाराला तिकडच्या व्यवसायात एक नावच पडलंय. आपल्या भाषेत सांगायचं तर 'गुलाबी करा, लहान करा'. पुरुषांचा कपडा घ्यायचा, त्याचं माप कमी करायचं, रंग बदलायचा, झाला लेडीज कलेक्शन तयार! बाईचे खांदे, छाती, कंबर यांचं प्रमाण वेगळं असतं, तिलाही फोन आणि किल्ल्या ठेवायच्या असतात, थंडी तिलाही वाजते, हा विचार त्यात कुठेच नाही.

गुलाबी रंगाशी भांडण नाही हं. ज्यांना आवडतो त्यांनी बिनधास्त घालावा. २००६ पासून मदर्स डेला मोठमोठे बॅटर गुलाबी बॅट घेऊन उतरतात. स्तनाच्या कॅन्सरविषयी जागृतीसाठी हे केलं जातं आणि तिथे त्या रंगाला अर्थ आहे. त्रास होतो तो गुलाबी हा एकमेव पर्याय असला की. कारण फॅनला टीमचा रंग हवा असतो. आजूबाजूचे हजारो लोक ज्या रंगात आहेत, त्याच रंगात आपणही असावं, एवढीच तर तिची इच्छा असते.

आणि हा रंग पुढे अंगाशीही येतो. बोस्टनमध्ये २००४ साली रेड सॉक्सनं ८६ वर्षांचा दुष्काळ संपवून वर्ल्ड सिरीज जिंकली. एकदम नव्या फॅन्सची गर्दी झाली आणि जुन्या मंडळींनी त्यांना कुत्सितपणे 'पिंक हॅट' म्हणायला सुरुवात केली. पिंक हॅट म्हणजे खेळातलं काही कळत नाही, टीम जिंकतेय म्हणून आलेली हौशी गर्दी. आता गंमत बघा. आधी दुकानानं बाईसमोर गुलाबी टोपीच ठेवायची, मग तिनं ती घातली की म्हणायचं, ही काय खरी फॅन! 'बरं, ऑफसाइड म्हणजे काय सांग' छापाचे प्रश्न आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या मुलींनी ऐकलेले आहेतच. हा त्याचाच भाऊ.

स्कर्टमध्ये २०१ बेस

बाईनं खेळाच्या जागी कसं दिसावं हे दुसऱ्यानंच ठरवायचं, ही सवय खूप जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात बरेच पुरुष खेळाडू सैन्यात गेले. तेव्हा १९४३ मध्ये शिकागो कब्ज टीमचे मालक फिलिप रिगली यांनी बायकांची व्यावसायिक लीग सुरू केली, 'ऑल-अमेरिकन गर्ल्स प्रोफेशनल बेसबॉल लीग'. ती १९५४ पर्यंत चालली आणि सहाशेहून जास्त जणी तिच्यात खेळल्या. १९९२ चा 'अ लीग ऑफ देअर ओन' हा सिनेमा तिच्यावरच आहे.

या मुलींचा गणवेश होता आखूड, घेरदार स्कर्टचा एकसंध ड्रेस. खेळाडू 'बायकी' दिसल्या पाहिजेत, असा लीगचा आग्रह. सुरुवातीला तर त्यांना नटणं-थटणं आणि चारचौघांत वागणं शिकवायला हेलेना रुबिनस्टाइनच्या सलॉनचे वर्ग ठेवले होते!

आता बेसबॉल थोडा समजून घेऊ. पिचर चेंडू टाकत असताना धावणारा खेळाडू डोळा चुकवून पुढच्या बेसवर पळतो. त्याला बेस चोरणं म्हणतात. वेळेत पोचायचं तर शेवटी मातीवर लोळण घेत घसरावं लागतं. पुरुषांच्या पायात लांब पँट. बायकांच्या उघड्या मांड्या. प्रत्येक घसरणीला कातडी सोलून निघायची. त्या लाल जखमांना या मुली 'स्ट्रॉबेरी' म्हणायच्या. रसीन बेल्स टीमच्या सोफी कुरिसनं १९४६ च्या एका सीझनमध्ये २०१ बेस चोरले, २०३ प्रयत्नांत. त्याच स्कर्टमध्ये. तो ड्रेस ज्यांनी ठरवला त्यांना तो घालून एकदाही घसरायचं नव्हतं.

आज स्टँडमध्ये बसणाऱ्या मुलीला मातीत लोळायचं नाही, हे खरं. पण कपडा ठरवणाऱ्याच्या डोक्यात 'ती कशी दिसेल' हा प्रश्न पहिला आणि 'ती इथे काय करणार आहे' हा शेवटचा, हे गणित दोन्हीकडे सारखंच आहे.

तक्रारीतून उभा राहिलेला धंदा

हे बदलायला हवं असं वाटणाऱ्यांत एक नाव प्रसिद्ध आहे, अभिनेत्री अलिसा मिलानो. ती लॉस एंजेलिस डॉजर्सची कट्टर फॅन. बायकांसाठी धड काही मिळत नाही, या वैतागातून तिनं २००७ मध्ये मेजर लीग बेसबॉलचा परवाना घेऊन 'टच' नावाचं कलेक्शन आणलं. टीमचेच रंग आणि बाईच्या अंगाला बसेल असा कट. पुढे इतर खेळांच्या लीगही त्यात आल्या. २०१९ मध्ये क्रीडा पत्रकार एरिन अँड्र्यूजनं 'वेअर' हा ब्रँड अमेरिकन फुटबॉलपासून सुरू केला आणि नंतर तो बेसबॉलपर्यंत पोचला. दोघींच्या गोष्टीत एक सारखेपणा आहे. दोघी स्वतः मैदानावर जाणाऱ्या. त्यामुळे काय अडतं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

तरी कोपरा अजून कोपराच का? कारण हा धंदा परवान्यावर चालतो. टीमचं नाव-चिन्ह वापरायला लीगचा परवाना लागतो आणि तो मोजक्या कंपन्यांकडे असतो. दुकानदार आधी खपणारा माल भरतो. बायकांचा माल कमी ठेवला की विक्री कमी, विक्री कमी दिसली की पुढच्या वर्षी माल आणखी कमी. मग बायका पुरुषांच्या भिंतीवरचा लहान साइझ घेतात आणि ती विक्री पुरुषांच्या खात्यात जाते! झालं, चक्र पूर्ण.

तक्रारीचं वजनही सारखं नसतं. २०२४ मध्ये खेळाडूंना नवी, हलकी जर्सी मिळाली. पाठीवरच्या नावाची अक्षरं बारीक आणि पँट इतकी पातळ की आत खोचलेला शर्ट दिसायचा. खेळाडू भडकले, बातम्या झाल्या आणि २०२५ च्या सीझनला अक्षरं पुन्हा मोठी झाली. एका वर्षात निकाल लागला. स्टँडमधल्या बाईची तक्रार त्यामानानं फारच सावकाश पोचते.

म्हणून तोवर जे मिळतंय त्यातून कामाचं कसं निवडायचं, हे माहीत असलेलं बरं.

आधी मॅचचा दिवस समजून घ्या

बेसबॉलचा सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत चालतो. प्रत्येक टीमच्या १६२ मॅच, त्यातल्या ८१ घरच्या मैदानावर. ऑक्टोबरात बाद फेऱ्या. म्हणजे एकाच टीमची फॅन एप्रिलमध्ये कुडकुडते आणि जुलैमध्ये भाजून निघते. २०२३ पासून पिचरला वेळेचं बंधन आलं, त्यामुळे मॅच आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपते. पण जाणं-येणं, रांगा, मध्येच पाऊस आला तर थांबणं धरून पाच-सहा तास कपडा अंगावर राहणार.

शहरानुसारही फरक पडतो. सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क अगदी खाडीला लागून. ऐन जुलैत संध्याकाळी वारा सुटला की दात वाजतात आणि कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असं समजून आलेले पाहुणे धावत जाऊन हुडी विकत घेतात. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर, तिथे दुपारचं ऊन चावतं आणि रात्री गारठा. शिकागोच्या रिगली फील्डवर तर १९८८ पर्यंत दिवे नव्हते, आजही तिथे दुपारच्या मॅच भरपूर. टेक्सास रेंजर्सच्या २०२० च्या नव्या स्टेडियमला मात्र उघडझाप होणारं छप्पर आणि एसी आहे.

आणि बॅग! १६ × १६ × ८ इंचांपेक्षा मोठी बॅग बहुतेक स्टेडियममध्ये चालत नाही. काही ठिकाणी बॅकपॅकला बंदी, काही ठिकाणी फक्त पारदर्शक पिशवी. नियम मैदानागणिक वेगळे, म्हणून निघण्याआधी त्या मैदानाचे बघून घ्यायचे. तिकीट फोनवर असतं, म्हणजे फोन संपला की तुम्ही बाहेर. फोन, छोटी पॉवर बँक, कार्ड, किल्ली, लिप बाम, सॅनिटरी पॅड... हे सगळं ठेवायचं कुठे? म्हणून खिसा ही चैन नाही.

जर्सी: कुठल्या रॅकवरची?

बेसबॉलच्या जर्सीची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. ती शर्टासारखी पुढून पूर्ण उघडते. म्हणजे आत साधा टी-शर्ट घालून जर्सी वरून जॅकेटसारखी मोकळी सोडता येते. त्यामुळे माप इंचभर इकडे-तिकडे झालं तरी निभावतं. क्रिकेटच्या जर्सीत ही सोय नाही.

पर्याय साधारण तीन.

बायकांच्या कटची रेप्लिका: खांदे नीट बसतात, कमरेला थोडी आत येते. पण नितंबांवर घट्ट होते का ते बसून बघा. उभं राहून छान दिसणारी जर्सी खुर्चीत बसल्यावर बटणांमध्ये फाकते. छातीच्या मापाला ती बसत नसेल तर एक साइझ मोठी घ्या, कंबर नंतर शिंप्याकडून आत घेता येते. घट्ट कपडा सैल करायला मात्र आत कापडच नसतं.

पुरुषांची रेप्लिका: खेळाडू सगळे मिळतात, रंग अस्सल, आणि ढगळ फिटिंग आवडत असेल तर उत्तमच. खांद्याची शिवण दंडावर फार खाली उतरत असेल तर एक साइझ कमी करा. खऱ्या सामन्यात वापरतात तशी 'ऑथेंटिक' जर्सी घेणार असाल तर तिचं माप बऱ्याचदा आकड्यात असतं, ४० म्हणजे मीडियम, ४४ म्हणजे लार्ज. ती महाग असते. रेप्लिकाच शंभर डॉलरच्या वर जाते, ही त्याहून बरीच पुढे.

मुलांचा 'युथ' रॅक: चण लहान असेल तर हा खजिना आहे. युथ लार्ज किंवा एक्सएल साधारण बायकांच्या स्मॉल-मीडियमच्या आसपास येतो आणि किंमत कमी असते. मात्र लांबी कमी आणि छाती-नितंबांना जागा नाही, हे धरून चाला.

मोठ्या मापाच्या मैत्रिणींनी पुरुषांच्या रॅकवरून सुरुवात केलेली बरी, तिथे मापं पुढपर्यंत मिळतात. ऑनलाइन घेताना स्मॉल-मीडियम या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. घरातला अंगाला नीट बसणारा शर्ट पलंगावर पसरा, काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत टेपनं मोजा आणि ते आकडे त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा.

बजेट बेताचं असेल तर टीमच्या फुकट टी-शर्ट वाटपाच्या दिवशी जा. ठरावीक संख्येच्या प्रेक्षकांना ते मिळतात. फक्त ते बहुधा एकाच मापाचे आणि तेही एक्सएल असतात. झोपायला झकास. किंवा बाजूनं शिवण मारून आणि बाही दुमडून मॅचलाही चालेल.

टोपी आणि आपले केस

खेळाडू घालतात ती न्यू एराची '५९फिफ्टी' मागून पूर्ण बंद असते. दिसते भारी, पण पोनी काढायला जागा नाही आणि माप अचूक लागतं. टेप कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या किंचित वरून डोक्याभोवती फिरवा. ५५.८ सेंटिमीटर आलं तर ७ नंबर, ५६.८ आलं तर सव्वासातच्या आधीचा, म्हणजे सात पूर्णांक एक अष्टमांश, आणि ५७.७ च्या आसपास आलं तर सव्वासात. दर पायरीला साधारण एक सेंटिमीटर. केस दाट असतील तर तुम्ही मॅचला जसे बांधता तसे बांधूनच मोजा.

लांब केसांसाठी मागे पट्टा असलेली टोपी सोपी. न्यू एराची '९ट्वेंटी' किंवा 'फॉर्टी सेव्हन' कंपनीची 'क्लीन अप' अशा मऊ टोप्यांना मागे अर्धगोल फट असते. त्यातून पोनी निघते, वेणीही निघते. ही 'फॉर्टी सेव्हन' कंपनी १९४७ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कबाहेर माल विकणाऱ्या दोन जुळ्या भावांनी सुरू केलेली. उंच अंबाडा मात्र कुठल्याच टोपीत मावत नाही. मानेवर खाली बांधलेली वेणी हा सगळ्यात निवांत उपाय.

थर लावा, खिसे मोजा

एप्रिल आणि ऑक्टोबरसाठी आत अंगाला चिकटून बसणारा गरम टी-शर्ट, त्यावर टीमची हुडी, त्यावर विंडचीटर. जर्सी घातलीच पाहिजे असा हट्ट असेल तर ती हुडीच्या वर घाला, त्यासाठी एक साइझ मोठी घेतलेली कामी येते. उन्हाळ्यात सुती किंवा घाम शोषणारा सैल टी-शर्ट. काळा रंग उन्हात तापतो, त्यामुळे टीमचा पांढरा किंवा राखाडी पर्याय बघा. खुर्च्याही तापतात. शॉर्ट्स घालणार असाल तर बसायला हुडी किंवा छोटा टॉवेल असू द्या.

हुडी घेताना दोन्ही हात खिशात घालून बघा. अख्खा फोन आडवा राहतो का? खाली वाकल्यावर पडत नाही ना? विंडचीटरला आतून झिपचा खिसा असेल तर कार्ड आणि किल्ली तिथे. बायकांच्या कपड्यावर कधी कधी नुसती खिशाची शिवण असते, खिसा नसतोच. बोट घालून खात्री करा.

पाठीवर नाव कुणाचं?

इथे भावना आणि व्यवहार दोन्ही येतात. बेसबॉलमध्ये खेळाडू टीम बदलतात आणि शंभर डॉलरची जर्सी एका दिवसात जुनी होते. बोस्टनचा लाडका मूकी बेट्स फेब्रुवारी २०२० मध्ये डॉजर्सकडे गेला. हुआन सोटो एका सीझनपुरता यांकीजकडे होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्याच शहरातल्या मेट्सनं त्याला पळवला. अशा जर्सीचं करायचं काय, हा न्यूयॉर्कच्या घराघरातला प्रश्न झाला असणार.

सुरक्षित रस्ता म्हणजे निवृत्त दिग्गजाची जर्सी किंवा नावच नसलेली. यांकीजच्या खऱ्या जर्सीवर तर खेळाडूचं नाव नसतंच, फक्त नंबर. स्वतःचं नाव छापून घ्यायचा मोह होतो, पण तशी जर्सी बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. माप पक्कं असेल तरच 'कुलकर्णी' किंवा 'शिंदे' लिहून घ्या!

एक वेगळी कल्पनाही आहे. १२ एप्रिल २०२२ ला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सची अलिसा नॅकन मेजर लीगच्या सामन्यात मैदानावर कोच म्हणून उतरणारी पहिली बाई ठरली. तिचा नंबर ९२. हा नंबर पाठीवर असेल तर शेजारचा विचारणारच, 'हा कुणाचा?' मग सांगा त्याला सगळी गोष्ट.

अस्सल ओळखा, नीट धुवा

अस्सल मालाच्या टॅगवर किंवा कपड्यावर लीगचं चमकणारं होलोग्राम चिन्ह असतं. किंमत अगदीच कमी आणि अक्षरांची शिवण वाकडीतिकडी असेल तर सावध. सेकंडहँड घेण्यात मात्र काही कमीपणा नाही. जुन्या जर्सी कधी कधी नव्यापेक्षा जाड आणि टिकाऊ निघतात.

धुताना बटणं लावा, उलटी करा, थंड पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. ड्रायरच्या उष्णतेनं चिकटवलेली अक्षरं सुटतात. अक्षरांवरून इस्त्री तर अजिबात नको.

आणि आपल्याकडे?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या टीमनं वर्ल्डकप जिंकला तेव्हा डी. वाय. पाटील स्टेडियम निळंशार झालं होतं. त्या निळ्यात मुली किती होत्या! मानधनाचा १८ नंबर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मुली आता सांगलीतच नाहीत, सगळीकडे दिसतात. आपल्याकडेही स्टेडियमवर बॅगांना कडक नियम असतात, आपलंही ऊन कमी नाही, आणि आपल्याकडेही दुकानात मुलींचं माप मागितलं की 'मॅडम, जेंट्सचं स्मॉल घ्या ना' हे उत्तर तयार असतं. बेसबॉलच्या फॅन मुली ज्या रस्त्यानं चालल्या त्याच रस्त्यावर आपण उभ्या आहोत. म्हणून स्मॉल घ्याच, पण काउंटरवर मुलींच्या कटची जर्सी नावानं मागा. नसेल तर 'कधी येणार?' विचारा. मागणी नोंदली गेल्याशिवाय रॅक वाढत नाही.

आणि खेळ कुठलाही असो, खरेदीची एकच परीक्षा लक्षात ठेवा. ट्रायल रूममध्ये जर्सी अंगात घातली की आरशात बघण्याआधी दोन्ही हात उंच करा आणि सिक्सर बसल्यासारखी, होम रन लागल्यासारखी एक उडी मारा. मग धपकन खाली बसा. पोट उघडं पडलं नाही, काखेत काचलं नाही, बटणं फाकली नाहीत आणि फोन खिशातून पडला नाही, तर बिल करायला हरकत नाही.